मडगार्डाबाहेर आलेलं चाक

मुंबईच्या हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड सोडलं की पाचवं स्टेशन गुरू तेग बहादूर नगर. पाटीवर हे नाव असलं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून कोळीवाडाच. या पाच स्टेशनांच्या टापूत १९४७च्या सुमारास दोन पाहुणे आले आणि कायमचे राहिले. डॉकयार्ड रोडजवळच्या माझगावात विलीज जीपचे आयात केलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या राहू लागल्या. शीव कोळीवाड्याच्या लष्करी बराकींत फाळणीत घरदार गमावलेली पंजाबी-शीख कुटुंबं उतरली. त्या कुटुंबांनी मुंबईला तळलेली ‘कोळीवाडा’ कोळंबी दिली. जीपने दिला एक न संपणारा नाद: टायर आणखी रुंद कसा करायचा, आणि तो मडगार्डाबाहेर आला की वर काय लावायचं?

या ‘वर लावायच्या’ वस्तूला गॅरेजात आज फ्लेअर म्हणतात. चाकाच्या कमानीला बाहेरून बसवलेली ती ओठासारखी पट्टी. पहिल्या जीपला तिची गरजच नव्हती. ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी १९४५ची. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. तिने जोडलेल्या जीपची मडगार्डं टेबलासारखी सपाट होती. खालचा टायर ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. तो मडगार्डाच्या सावलीत आरामात मावायचा.

आकडे पाहिले की गंमत कळते. त्या टायरची उंची सुमारे २९ इंच. २०१०मध्ये आलेल्या महिंद्राच्या थार सीआरडीईचा टायर २३५/७० आर १६. हिशेब केला तर त्याचीही उंची २९ इंचच. साठ वर्षांत चाक उंच झालंच नाही, ते आडवं वाढलं: सुमारे १५२ मिलिमीटरवरून २३५वर. फ्लेअरचा सगळा इतिहास या वाढलेल्या ८३ मिलिमीटरांत आहे.

अमेरिकेत हा प्रश्न आधी आला. १९६६च्या फोर्ड ब्रॉन्कोची मागच्या चाकाची कमान एवढी लहान होती, की मोठा टायर घालायचा तर पत्रा कापावाच लागे. कापलेली कड झाकायला पट्टी हवी. १९६९मध्ये ओरेगनमध्ये सुरू झालेल्या बुशव्हॅकर कंपनीने नेमका हाच धंदा केला. फ्लेअरच्या दोन जाती तेव्हापासून आजवर टिकून आहेत: पत्रा कापून बसवायची आणि न कापता वरून लावायची. युरोपने १९७८मध्ये चाकावरच्या आवरणासाठी वेगळा नियमच केला, कारण उघडं चाक चिखल आणि दगड दुसऱ्यांच्या अंगावर उडवतं.

मुंबईत मात्र पट्टी विकत मिळायच्या आधी ती डेंटर ठोकून बनवायचा. लष्कराच्या लिलावातल्या जीपा आणि नंतर महिंद्राची एमएम ५४०, यांना हौशी लोक ३१ बाय १०.५० आर १५ हे टायर घालू लागले. सहाचे साडेदहा इंच झाले, म्हणजे रिम मधोमध बसला तरी चाक दोन्ही बाजूंना सव्वादोन इंच बाहेर. डेंटर पत्र्याची पट्टी कापायचा, हातोडीने वळवायचा, वेल्डिंग मारायचा, वर पुट्टी आणि रंग. पहिले काही महिने काम देखणं दिसे. मग खाडीची खारी हवा आणि पावसाळा वेल्डिंगच्या रेषेत शिरायचा आणि पट्टीबरोबर मूळ मडगार्डही सडायचं. पुढे फायबर आलं. ते गंजत नाही. पण दगडाला लागलं की तडकतं. रबराची पट्टी वाकते, तुटत नाही, मात्र उन्हाने पांढुरकी पडते. एबीएस प्लास्टिकने यातला मधला मार्ग काढला.

दरम्यान हौसेला मैदान मिळत गेलं. १९९६मध्ये महिंद्राची ‘ग्रेट एस्केप’ ही ऑफ-रोडिंगची मोहीम सुरू झाली, पुढे इगतपुरीला ऑफ-रोडिंगची शाळा निघाली, २०१४पासून गोव्याच्या भर पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरू लागलं. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या थारला तर कमानीवर काळं प्लास्टिक कारखान्यातूनच होतं. वरच्या श्रेणीचा टायर २५५/६५ आर १८, उंची ३१ इंच. जे पूर्वी डेंटरकडे करून घ्यावं लागे, ते शोरूममध्ये आयतं मिळालं. तरी समाधान कुठलं! गाडी घरी आली की २८५ रुंदीच्या टायरची चौकशी सुरू.

इथेच निवड चुकते. बहुतेक जण आधी फ्लेअर पसंत करतात, दिसण्यावरून. त्यातही बोल्ट दिसणारं ‘पॉकेट’ फ्लेअर हमखास. हिशेब उलटा हवा. २५५चा टायर २८५ केला तर रुंदी ३० मिलिमीटर वाढते, त्यातले १५ बाहेरच्या बाजूला. सोबत ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) २५ मिलिमीटरने कमी असलेला रिम घेतला तर आणखी २५. एकूण ४० मिलिमीटर चाक बाहेर. फ्लेअर निदान तेवढं रुंद हवं, नाहीतर चिखल दारावर आणि शेजारच्या दुचाकीस्वारावर उडणारच. फार रुंद घेतलं तर गाडी दोन्ही बाजूंनी फुगते; कोळीवाड्याच्या गल्लीत डबल पार्किंगमधून आरसे मिटून गाडी काढणाऱ्याला दोन्ही बाजू मिळून वाढलेले तीन-साडेतीन इंच लगेच जाणवतात.

मापही सपाट जमिनीवर घेऊन भागत नाही. एक चाक उंचवट्यावर चढवायचं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवायचं, आणि टायर कुठे घासतो ते पाहायचं. मग बसवणं. शक्यतो कारखान्याच्याच भोकांत बोल्ट जावेत. नवं भोक पाडलंच तर त्याच्या कडेला गंजरोधक प्राइमर लावल्याशिवाय स्क्रू आवळू देऊ नये. पट्टी आणि पत्रा यांच्यात रबराची बीडिंग हवी, खाली पाणी निघायला वाट हवी. गांधी मार्केटजवळ तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर आत साचलेला गाळ पाइपने धुवावा लागतो, हे दुकानदार सांगत नाही.

तो आणखी एक गोष्ट सांगत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यामुळे आज सर्वांत बिनघोर फ्लेअर म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं, त्याच मॉडेलला मंजूर असलेल्या टायरवर बसणारं. ज्यांना त्यापुढे जायचं आहे त्यांनी पत्र्याला ड्रिल लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं, आणि उत्तर लेखी मागावं.