चोळी
चोळी : स्त्रियांनी वक्षभागावर घालावयाचे आखूड, अंगाबरोबर बसणारे वस्त्र. संस्कृत ‘चोल’ ह्या शब्दापासून हे नाव आले. पंजाबी ‘चोला’ हा शब्दही त्याच कुळातला. त्याचा अर्थ मात्र पायघोळ झगा. गुरू गोविंदसिंगांच्या निधनानंतर (१७०८) शिखांचे तीर्थक्षेत्र बनलेल्या नांदेडात निहंगांचा निळा चोला आढळतो, तर त्याच जिल्ह्यात माहूरच्या रेणुकेची ओटी चोळीच्या खणाने भरतात. पारंपरिक चोळीस पुढे गाठ असते. लातूर-नांदेडकडेही लेकीबाळींना ‘साडीचोळी’ करणे हा माहेरचा मान समजतात. ‘चोळी-बांगडी’ म्हणजे स्त्रीच्या खाजगी खर्चासाठी दिलेली नेमणूक किंवा इनाम जमीन. अशा रीतीने वस्त्राचे नाव स्त्रीच्या हक्काच्या उत्पन्नासही लाभले.