पाटे, पाट आणि चाकोरी

बँकेत असताना जीपसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न एकच विचारत असे : गाडी नेमकी कशासाठी हवी? उत्तर ‘वडाप’ असं आलं की तारणाचे कागद पाहायचे, ‘हौस’ असं आलं की आधी चहा मागवायचा. निवृत्तीनंतर हाच प्रश्न सख्ख्या पुतण्याला विचारायची पाळी आली.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर डांबरी रस्त्यापासून चांगलं दीड किलोमीटर आत, कातळ उतरून आहे. गेल्या जुलैत एका रात्री आईला ताप चढला. वय 86. पुतण्याने तिला आपल्या 2014 सालच्या जुन्या थारमध्ये घातलं, आणि अर्ध्या वाटेत गाडी दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकून बसली. चाकं चिखलात नुसती गरगरत होती. शेवटी चौघांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून भर पावसात वर नेलं. ती चार दिवसांत बरी झाली. पुतण्याच्या मनातून मात्र ती रात्र जाईना.

दिवाळीत म्हणाला, ‘काका, गाडीला चार इंचांचा लिफ्ट किट बसवतोय. थोडे पैसे कमी पडतायत.’

म्हणजे कर्जाचाच अर्ज! मी म्हटलं, आधी पाहणी. दोघे कोल्हापूरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

लिफ्ट किट म्हणजे चेसिस आणि चाकं यांच्यातलं अंतर वाढवणारा संच. या जुन्या थारला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार. मागे पाट्याला चेसिसशी जोडणारी शॅकल लांब घालता येते. पण दोन इंच लांब शॅकल घातली तर उंची मिळते एकच इंच. जादा पाटा चढवला तर रिकामी गाडी दगडासारखी आदळते. पुढचा टॉर्शन बार पिळला की उंची जवळजवळ फुकटात मिळते, पण खड्ड्यात चाकाला खाली उतरायला वाव उरत नाही. चार इंच म्हटलं की शॉक अब्सॉर्बर लांब हवेत, ब्रेकचे पाइप ताणले जातात, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. शिवाय गाडीचा भार वर सरकल्याने वळणावर ती कलंडायची भीती वाढते.

एवढं सांगून मिस्त्री गाडीखाली शिरले आणि पुतण्याला हाक मारली. मागच्या एक्सलवर डिफरेन्शियलचा जो गोळा असतो, त्यावर ताजा ओरखडा होता. ‘टेकलं ते हे. किट घातला की अंग वर जाईल, हा गोळा न्हाई. ह्यो चाकाबरोबरच राहतोय.’ तो उचलायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा वर येणार एक इंच. पुतण्या बराच वेळ खालीच पडून होता.

ज्यांच्या गाडीचं नाक किंवा पोट खडकाला लागतं, त्यांना किटचा उपयोग होतो, हे खरं. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर? ही माझी बँकेतली खोड, असो.

मिस्त्रींनी टेप लावला तेव्हा गाडीची डावी बाजू सव्वा इंच बसलेली निघाली. जांभ्याचे चिरे वाहून वाहून पाटे सपाट झाले होते. मूळ मापाचे नवे पाटे, नवे शॉक अब्सॉर्बर आणि त्याच मापाचे खोल नक्षीचे टायर, एवढ्यालाच मी कर्ज मंजूर केलं. बिनव्याजी! मग पुतण्याने दोन गडी घेऊन वाटेतला उंचवटा पहारीने फोडला आणि निघालेल्या दगडांनी चाकोऱ्या भरल्या. या कामाला तीन दिवस लागले.

मे महिन्यात मी गावी होतो. आईला डोळे तपासायला न्यायचं होतं. गाडीच्या दाराशी जेवणाचा पाट मांडला, त्यावर एक पाय ठेवून, दोन्ही बाजूंनी आमचा आधार घेत ती कशीबशी चढली. धाप ओसरल्यावर नातवाकडे पाहत म्हणाली, ‘हीच आणखी उंच करणार होतास ना रे?’

‘शिडी पण घेणार होतो, आजी,’ तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.