पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित?

अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या आवारात, बाजार समितीच्या दारात, लग्नाच्या मांडवासमोर हमखास दिसणारी गाडी म्हणजे स्कॉर्पिओ. शेजारच्या नाशिकच्या कारखान्यात बनलेली ही गाडी महिंद्राने जून २००२ मध्ये बाजारात आणली, तेव्हा कंपनीची ओळख जीप आणि ट्रॅक्टरची होती. कंपनीतले तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी पवन गोएंका यांच्या देखरेखीखाली तिथल्या अभियंत्यांनी सांगाडा जीपच्या परंपरेतला ठेवला आणि आतली बैठक मोटारीसारखी केली. हा सांगाडा म्हणजे लॅडर फ्रेम : दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी. खडबडीत शिवाररस्ते आणि भरभरून माणसं त्याला झेपतात. इथल्या लोकांनी स्कॉर्पिओ आपलीशी केली, त्यामागे हे रास्त कारण आहे.

पण या दणकटपणातून एक घातक समजूत रुजली : पत्रा जाड, गाडी जड, म्हणजे आतला माणूस सुरक्षित. ती खोडून काढणारा पुरावा स्कॉर्पिओच्याच इतिहासात आहे. २०१६ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अधिक कडक निकषांवर, तिने प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळवले. लॅडर फ्रेम दोन्हींत आहे आणि दोन्ही जडच आहेत. म्हणजे फरक पडला तो धडकेचा जोर कसा जिरवायचा याच्या आखणीने, एअरबॅगने आणि गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेने.

कुणी म्हणेल, एअरबॅग नसलेलं मॉडेल घेऊन तुलना करणं अन्यायाचं आहे. आक्षेपात तथ्य आहे; महागड्या प्रकारांत तेव्हाही एअरबॅग मिळत. पण स्वस्तातला प्रकारही रीतसर विकला जात होता आणि त्यातही कुटुंबंच बसत होती. दुसरा आक्षेप असा की समोरासमोर टक्कर झाली तर जड गाडीचंच पारडं भारी. समोर छोटी मोटार असेल तर ते खरं, पण मग मार त्या मोटारीतल्या माणसांना बसतो. शिवाय गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते. तिच्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळताना स्वतःचं वजन वाचवत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते आणि जड गाडीत ती मुळातच जास्त असते. त्यात जुन्या स्कॉर्पिओतल्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पोरांना पट्ट्याविना बसवणं म्हणजे त्यांचा जीव नशिबावर सोडणं.

अहिल्यानगरमध्येच डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. मोटार वाहन नियमांनुसार वाहनं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ती मोडते. पण असं प्रमाणपत्र किमान अटी पुऱ्या झाल्याचं सांगतं. शून्य तारे मिळालेली गाडीही कायदेशीरच होती. त्यापुढचं मोजमाप देणारी भारत एनकॅप चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, मात्र ती ऐच्छिक ठेवली गेली. दहा-वीस लाख मोजणाऱ्या शेतकऱ्याला गाडीचा मायलेज सांगितला जातो, तसा आपण घेतोय त्याच प्रकाराचा चाचणीचा निकालही दुकानात लेखी मिळायला हवा, आणि त्यासाठी ही चाचणी सक्तीची व्हायला हवी.