कशेळ्याच्या नाक्यावर पी०१७१

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे आलं की खांडसकडे, भीमाशंकरच्या पायथ्याशी जाणारा रस्ता आत वळतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या इथून आत शिरतात आणि एखादीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटलेला असतो. “चेक लाइट आलाय,” एवढंच गाडीवाल्याला सांगता येतं. बाकीचं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला विचारावं लागतं.

हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या या पद्धतीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधीच्या मारुतीच्या काही इंजेक्शन गाड्यांत फिटर दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडून दिव्याची उघडझाप मोजत. एकदा, मग थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२: सगळं ठीक.

आता सॉकेटला स्कॅनर लावला की त्याच्या स्क्रीनवर पी०१७१ असं काहीतरी उमटतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, पुढचा एक म्हणजे हवा-इंधनाचं माप. पूर्ण अर्थ असा, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. का कमी पडतंय, हे कोड सांगत नाही. माझ्या गाडीत हाच कोड पाहून एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. आठवड्यात दिवा परत आला. दोष निघाला इनटेक मॅनिफोल्डवरच्या तडकलेल्या रबरी पाइपचा. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

खरा कस लागतो तो इथेच. कॉम्प्युटर कमतरता भरून काढायला किती टक्के जादा पेट्रोल सोडतोय, तो आकडा स्कॅनरवर चालू इंजिनात दिसतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला हा आकडा मोठा असेल आणि इंजिनाच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना उतरत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत ओढली जातेय. आतली एकूण हवा वाढते तसा त्या गळतीचा वाटा लहान होतो. उलट जोर लावल्यावर आकडा चढत गेला, तर पेट्रोल पंपाकडे किंवा फिल्टरकडे वळायचं. पैसे खर्च करण्याआधी ही पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

मिसिंगचा, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसल्याचा, माग काढायला तर स्कॅनरबरोबर एक पाना पुरतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची पहिल्यावर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळून बसतो.

कशेळ्याच्या परिसरात आणखी दोन गोष्टी आधी बघाव्यात. मुसळधार पावसाने कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवट थर, आणि भातकापणीनंतर शेत सोडून बॉनेटच्या उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. अशा तुटक्या वायरीपायी चांगला सेन्सर बदलला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोड पुसण्याची घाईही नको. दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती तापलेलं, वेग किती, भार किती, ही सगळी नोंद कोडाबरोबर पुसली जाते. आधी तिचा फोटो काढून ठेवावा.

आणि दुरुस्तीनंतर लगेच चावी मालकाच्या हातात देऊ नये. यातले बरेच कोड गाडीच्या दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा पेटवत नाहीत; पहिल्या फेरीत कोड फक्त ‘पेंडिंग’ यादीत बसतो. म्हणून इंजिन थंड होऊ द्यावं, खांडसपर्यंत जाऊन यावं, नाक्यावर गाडी उभी करून पुन्हा स्कॅनर लावावा आणि ती यादी उघडून बघावी.