प्रथिनाचे कोंदण आणि औषधाचा खडा

जबलपूरच्या राइट टाउनसारख्या भरवस्तीत पावसाचे पाणी कुंड्यांत व उघड्या टाक्यांत साचले की एडिस डासांची पैदास होते, आणि त्यांच्याबरोबर चिकुनगुन्याचे भय येते. महाराष्ट्रात बार्शी येथे १९७३ साली या रोगाची साथ आली होती. २००५-०६ साली तो अनेक राज्यांत पुन्हा पसरला. ताप उतरतो, परंतु सांधे कित्येकदा महिनोन्महिने ठणकत राहतात. खुद्द विषाणूवर चालणारे मान्यताप्राप्त औषध मात्र अद्यापि नाही.

असे औषध शोधावयाचे कसे? विषाणूचे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची घडी पडलेली साखळी होय. तिच्यावरील एखाद्या विशिष्ट खोबणीत प्रथिनाचे कार्य चालते. सोनार कोंदणात खडा बसवितो, त्याप्रमाणे या खोबणीत योग्य रेणू घट्ट बसला, तर ते कार्य थांबते. कोंदणाचा आकार कळावा म्हणून प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडतात. विखुरलेल्या किरणांच्या ठशांवरून अणूंच्या जागा गणिताने निश्चित होतात.

पूर्ण रेणू एकदम हाती लागणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम ३०० डाल्टनांहून हलके असे लहान रेणू, म्हणजे 'खंड', घेतात. एकेका स्फटिकात एकेक खंड मुरवून तो कोठे बसला हे क्ष-किरणांनी पाहतात. खंडाची पकड दुबळी असते. इतर चाचण्यांत ती सहज निसटते, येथे मात्र तिची जागाच दिसते. मग शेजारचे दोन खंड जोडावयाचे, किंवा एकालाच वाढवीत न्यावयाचे.

विषाणूस रोखण्यासाठी पेशी काही प्रथिनांवर रासायनिक खुणा चढविते. चिकुनगुन्या विषाणूच्या तिसऱ्या अरचनात्मक प्रथिनाचा एक भाग त्या पुसून टाकतो. या भागाची रचना २००९ साली प्रसिद्ध झाली. पुढे इंग्लंडमधील डायमंड या क्ष-किरणकेंद्रात त्याच्या स्फटिकांत शंभराहून अधिक खंड बसलेले आढळले.

बसलेला खंड म्हणजे औषध नव्हे. तो पेशीत शिरला पाहिजे, रक्तात टिकला पाहिजे, आणि रोग्यास अपायकारक ठरता कामा नये. कोविडच्या विषाणूविरुद्ध २०२० साली खंडांपासून आरंभलेल्या एका खुल्या शोधमोहिमेत २,४०० हून अधिक रेणू तयार करावे लागले, यावरून या श्रमांची कल्पना येईल.

प्रथिनांची अशी पाहणी आपल्याकडेही होऊ शकते. जबलपूरच्याच राज्यात, इंदूर येथील 'इंडस-२' या यंत्रावर प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र क्ष-किरणशलाका आहे. औषध सिद्ध होईपर्यंत साचलेले पाणी ओतून टाकणे, हाच घरोघरचा उपाय होय.