डोळ्यांचे बदलते रंग

माणसाचे केस पिकतात, कातडी सुरकुतते, दांत पडतात. डोळ्यांचा रंग मात्र जन्मापासून मरणापर्यंत एकच राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळांच्या बाबतींत ती खरी ठरते, पण सर्वांच्या नाहीं. हा रंग केव्हां बदलतो व त्या बदलाचा अर्थ काय, हें कळण्यासाठीं तो मुळांत येतो कोठून, हें प्रथम पाहावयास हवें.

डोळ्याच्या मध्यभागीं काळी दिसते ती बाहुली. तिच्याभोंवतीं जें रंगीत कडें असतें तें बुबुळ. बुबुळाचा पाठीमागचा थर बहुतेक सर्व माणसांत गडदच असतो. फरक पडतो तो पुढच्या थरांत. तेथील पेशी मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करतात. कातडीला व केसांना रंग देणारें द्रव्य तें हेंच. तें विपुल असलें कीं डोळे काळेभोर किंवा तपकिरी, बेताचें असलें कीं घारे, आणि अगदींच थोडें असलें कीं निळे दिसतात. निळ्या डोळ्यांत निळें द्रव्य मुळीं नसतेंच! प्रकाश विखुरल्यामुळें आकाश निळें भासतें. त्याचप्रमाणें बुबुळाच्या तंतूंमधून निळे किरण अधिक विखुरून परत येतात, इतकेंच.

यूरोपांत पुष्कळशीं बालकें निळसर, करड्या डोळ्यांनीं जन्मास येतात. परंतु रंग तयार करणाऱ्या पेशींचें काम त्या वेळीं पुरें झालेलें नसतें. पहिल्या वर्षांत रंगद्रव्य सांठत जातें आणि कित्येकांचे डोळे हिरवट किंवा तपकिरी होतात. क्वचित् ही क्रिया आणखी कांहीं वर्षें चालते. भारतांत बहुतेक मुलांचे डोळे जन्मतःच गडद असल्यामुळें हा पालट फारसा दृष्टीस पडत नाहीं. कोंकणांतील ज्या घराण्यांत घारे डोळे वंशपरंपरेनें आले आहेत, तेथें तो दिसण्याचा संभव अधिक.

प्रौढपणींही रंग थोडाफार हलतो. अमेरिकेंतील लुईव्हिल येथें जुळ्या भावंडांची पाहणी झाली. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गोऱ्या लोकांपैकीं शेंकडा १० ते १५ जणांच्या डोळ्यांचा रंग बालपणानंतरही बदलल्याचें आढळलें.

कधीं औषधही कारण होतें. कांचबिंदूवरील लॅटॅनोप्रॉस्टच्या थेंबांनीं रंगद्रव्य वाढतें. मिश्र रंगाचे डोळे तपकिरी होतात व औषध थांबविलें तरी बहुधा पूर्ववत् होत नाहींत. मात्र रंगाच्या भीतीनें हे थेंब परस्पर बंद करूं नयेत. कांचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

खरी काळजी करावयाची ती एकाच डोळ्याचा रंग पालटल्यास. दीर्घकाळच्या दाहानें बुबुळ फिकट होतें. घण मारतांना उडालेला लोखंडाचा कण आंत रुतून राहिल्यास तें गंजासारखें तांबूस होतें. म्हातारपणीं बुबुळाच्या कडेस दिसणारें पांढुरकें वलय हें पुढच्या पारदर्शक पडद्यांत सांठलेल्या स्निग्ध द्रव्याचें असतें. वृद्धांत तें निरुपद्रवी असतें; तरुणपणीं दिसल्यास रक्तांतील कोलेस्टेरॉल तपासून घ्यावें. लहान मुलाच्या बाहुलींत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडूं नये. ती डोळ्याच्या कर्करोगाची खूण असूं शकते, आणि वेळीं उपचार झाल्यास मुलाचा जीव, पुष्कळदां दृष्टिही, वांचते.