खातं पुसू नका, थांबवा

कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याचं ईमेल खातं घाईने डिलीट केलं जातं, आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहारही जातो. वेबहोस्टिंग सांभाळायच्या सीपॅनेलमध्ये त्याहून चांगली सोय आहे. 'ईमेल अकाउंट्स'मध्ये त्या पत्त्यासमोरचं 'मॅनेज' उघडलं, की निर्बंधांचे तीन वेगवेगळे पर्याय दिसतात: येणारी मेल, जाणारी मेल, लॉगिन.

फक्त लॉगिन थांबवलं, तर वेबमेल आणि मोबाइलवरून आत शिरता येत नाही, पण ग्राहकांची पत्रं येत राहतात. येणारी मेल थांबवली, तर ती पाठवणाऱ्याकडे परत जाते. हा पर्याय विचारपूर्वकच निवडावा. जाणाऱ्या मेलसाठी 'होल्ड'ही आहे: पत्रं रांगेत थांबतात. पासवर्ड चोरीला जाऊन खात्यातून स्पॅम सुटत असेल, तेव्हा हाच पहिला उपाय. पासवर्ड मात्र लगेच बदला, आणि मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे फॉरवर्डर तपासा.